डोह राखला तरच ओढ्यात मासा

काश्मीर आणि हिमाचलातील ओढ्यांवर ट्राउट माशासाठी गळ टाकून बसणारे हौशी पर्यटक अनेकांनी पाहिले असतील. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये रुजविलेला हा परदेशी मासा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र तग धरू शकणार नाही. ट्राउटला साधारण २० अंश सेल्सिअसखालचे, वाहते पाणी लागते. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो आणि बहुतेक ओढ्यांचे वाहणे थांबते.

मग इथला मासा जगतो कसा? याचे उत्तर डोहात आहे. ओढा आटला तरी खोलगट जागी पाणी उरते आणि मासे तेथे गोळा होतात. मरळीला तर हवेतला प्राणवायूही घेता येतो, म्हणून ती गढूळ, कोमट पाण्यातही टिकते. पावसाचा पहिला लोंढा आला की डोहांतील मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. उन्हाळ्यातला डोह म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणेच.

धोकाही इथेच आहे. आटलेल्या डोहात मासे पकडणे सोपे असते. त्यात कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर टाकली, तर मोठ्या माशांबरोबर पिल्ले, झिंगे, किडेही मरतात आणि तेच पाणी गुरे व वन्यप्राणी पितात. एका दिवसाच्या लुटीपायी ओढ्याचा लांबवर पट्टा ओस पडतो. चढणीच्या दिवसांत प्रवाहाच्या पूर्ण रुंदीवर लावलेले जाळेही असेच घातक ठरते. मरळीचे नर-मादी पिल्लांच्या थव्याची राखण करतात. त्या वेळी जोडी पकडली, तर सारा थवा उघड्यावर पडतो.

विष आणि सुरुंगाने मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच दंडनीय ठरविले होते. तथापि, जंगलातल्या प्रत्येक डोहावर सरकारी पहारा बसविणे अशक्य आहे. राखण गावालाच करावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे व पाणवठ्यातील अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य केले. कठाणी नदीकाठच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा ग्रामसभांना कोणता डोह राखीव ठेवायचा आणि चढणीच्या काळात मासेमारी किती दिवस थांबवायची, हे ठरविता येते.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंड येथे देवीच्या श्रद्धेपोटी मासे मारले जात नाहीत. गडचिरोलीत ढिवर आणि आदिवासी कुटुंबांचे कालवण ओढ्यावर अवलंबून आहे. श्रद्धेने असो वा ठरावाने, निदान एक डोह प्रत्येक गावाने राखला, तर त्यांच्या ताटातला मासा टिकेल.