आधी खरारा, मग खोगीर

हिंगोली शहरात रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं आजही रोज तोंडी येतात. निजामाच्या राज्यात इथं हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. या कंटिन्जंटच्या घोडदळातूनच पुढे ‘डेक्कन हॉर्स’ ही रेजिमेंट घडली. भारतीय लष्करात ती आज रणगाडे चालवते. छावणी उठली, घोडेही गेले. आता जिल्ह्यातल्या पोरांना घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत. तिथल्या घोडेबाजारात फिरताना मूल हट्ट धरतं, ‘मला शिकायचंय.’ पालकांना वाटतं, शिकणं म्हणजे पाठीवर बसून मैदानाला चार फेऱ्या मारणं. खरं शिक्षण त्याच्या कितीतरी आधी, तबेल्यात सुरू होतं.

मुलांच्या घोडेस्वारी क्लबांची जी पद्धत जगभर रुळली, ती बरीचशी ब्रिटनमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या ‘पोनी क्लब’ची. तिथं पायरीपायरीनं परीक्षा होतात आणि स्वारीइतकीच घोड्याची निगाही तपासली जाते. ही पद्धत मला पूर्णपणे पटते. ज्याला घोडा चारता येत नाही, त्याच्या हाती लगाम देऊ नये.

मुलाचं नाव क्लबात घालण्याआधी पालकांनी तबेल्यातून एक चक्कर मारावी. पाण्याची टाकी स्वच्छ आहे का, लीद उचललेली आहे का, घोड्याच्या पाठीवर खोगिराचे व्रण आहेत का, खूर वाढून फाटलेत का, एवढं पाहिलं तरी निम्मा निर्णय होतो. अर्जासोबत पालकांचं संमतीपत्र लागतं. मुलाला दमा, फिट किंवा ॲलर्जी असेल तर ते स्पष्ट सांगावं. धनुर्वाताची लस घेतलेली हवी, कारण त्या रोगाचे जंतू मातीत आणि लिदीत असतात. हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट आणि थोडी टाच असलेले बूट हवेत. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं, आणि पडलेला स्वार फरपटत जाऊ शकतो.

पहिले काही दिवस मूल जमिनीवरच असतं. घोड्याला दोन्ही बाजूंचं खूप दिसतं, पण थेट मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूनं, आवाज देत जायचं. बांधताना गाठ अशी मारायची की मोकळं टोक ओढताच सुटावी, कारण घाबरलेला घोडा मागे रेटा देतो. मग खरारा. मानेपासून पाठीमागे, गोल गोल हात फिरवत. तोंडावर आणि पायांच्या हाडांवर मात्र फक्त मऊ ब्रश. हे करतानाच अंगावरची सूज, गोचीड, खोगिराखाली आलेला फोड हाताला लागतो. खराऱ्याचा मोठा उपयोग हाच.

खूर साफ करणं मुलांना सगळ्यात अवघड वाटतं. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून त्याच्या खांद्याशी उभं राहायचं आणि हात पायावरून हळूहळू खाली न्यायचा. घोडा पाय उचलतो. तळव्याच्या मध्यभागी मऊ, त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत खडे आणि लीद अडकते. खूर कोरायचा आकडा टाचेकडून पुढे ओढायचा, उलट कधीच नाही. काळपट घाण येऊन कुजका वास आला तर खूर सडायला लागलाय असं समजावं. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीच्या चिखलात हे लवकर होतं. नालबंद साधारण सहा ते आठ आठवड्यांनी लागतो.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: घोड्याला उलटी करता येत नाही, आणि त्याच्या देहाच्या मानानं जठर लहान असतं. त्यामुळे वैरण थोडी थोडी, दिवसभरात अनेकदा. दाणा एकदम वाढवायचा नाही, एकदम बदलायचाही नाही. बुरशी धरलेला कडबा सरळ टाकून द्यायचा. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, वैशाखात त्याहून जास्त. घोडा सारखा पोटाकडे वळून पाहू लागला, पाय आपटू लागला, लोळू लागला तर तो पोटशूळ. वैरण काढून घ्यावी आणि पशुवैद्याला लगेच बोलवावं. घरगुती औषध नळीनं पाजायला जाऊ नये, ते फुप्फुसात गेलं तर घोडा दगावतो.

मग स्वारी. सुरुवातीला शिक्षक लांब दोरीला घोडा धरून गोलात फिरवतो आणि मूल फक्त तोल शिकतं. टाच खाली, नजर पुढे. आधी चाल, मग दुडकी. दुडकीत घोड्याच्या ठेक्यावर उठणं-बसणं जमलं की मग पुढचा वेग. लगाम तोंडाला झोंबतो, म्हणून वळवण्याचं काम जास्त करून पायांनी आणि बैठकीनं करायचं. उतरल्यावर तंग सैल करून घाम वाळेपर्यंत घोडा चालवायचा.

घोडा विकत घ्यायचा विचार असेल तर आधी रक्त तपासून घ्या. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. तो निघाल्यास सरकारी यंत्रणेला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि जनावर मारावंच लागतं. चावणाऱ्या माश्यांमुळे होणारा सर्राही आपल्याकडे आढळतो.

पुढे जायचं असेल तर मुंबईत महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवतात, आणि पशुवैद्यक शिकणाऱ्यांना नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी तुकडीतून स्वारी करता येते. हे सगळं हिंगोलीपासून लांब आहे. पण परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. वरातीचे घोडे पाळणारी, पिढ्यान् पिढ्या हे काम जाणणारी माणसं आपल्या गावातच आहेत. चार-पाच पालकांनी एकत्र येऊन अशा एखाद्या मालकाशी आणि एका पशुवैद्याशी बोलावं, रविवारची सकाळ ठरवून घ्यावी आणि पहिले दोन महिने फक्त खरारा, खूर आणि वैरण शिकवायला सांगावं. मालकाच्या वेळेचे आणि घोड्याच्या वैरणीचे पैसे मात्र चोख द्यावेत.