अर्ध्या मिलिसेकंदाचा कारभार

चिचगडला गोल्फचं मैदान नाही, देवरीपर्यंत गेलात तरी सापडणार नाही. पण धान निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या बांध्या आहेत आणि लांबून उठून दिसणारं एखादं मोहाचं झाड आहे. समजा, धुऱ्यावर उभं राहून २३० मीटरवरच्या त्या झाडाकडे चेंडू मारायचाय. क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, तोंड एका अंशानं तिरकं लागलं, तर चेंडू चार मीटर बाजूला जातो. चार अंशांनी चुकलं, तर सोळा मीटर. चार अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा चाळीस सेकंदांत सरकतो तेवढंच!

आणि हे सगळं ठरतं कधी? चेंडू क्लबच्या तोंडाला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. ताशी १६० किलोमीटर वेगानं आलेला क्लब तेवढ्यात दोन सेंटिमीटर पुढे सरकतो, चेंडू चपटा होतो, पुन्हा फुगतो आणि ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो. हाताला बसलेला ठोका मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिलिसेकंद लागतात. तोवर चेंडू मीटरभर पुढे निघून गेलेला असतो. ऐन वेळी मनगट वळवून फटका सावरल्याच्या गप्पा म्हणूनच फारशा मनावर घेऊ नयेत.

आता खरी गंमत. पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, की क्लब ज्या वाटेनं येतो त्या दिशेला चेंडू निघतो आणि नंतर क्लबचं तोंड असेल तिकडे वळतो. रडारनं फटके मोजायला लागल्यावर उलटंच दिसलं. ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या क्लबच्या, फटक्यात चेंडूची सुरुवातीची दिशा सुमारे ८५ टक्के तोंडच ठरवतं. वाट आणि तोंड यांच्यात जो फरक राहतो, त्यानं चेंडूच्या फिरकीचा आस कलतो आणि चेंडू हवेत वळत जातो.

फिरकीचं महत्त्व मात्र जुन्या लोकांनी ओळखलं होतं. एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेंडूला लांब फीत बांधली, तो चिकणमातीवर मारला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. प्रयोगशाळेत याहून स्वस्त साहित्य क्वचितच वापरलं गेलं असेल. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी गोल्फचा विजेता होता, म्हणजे घरात चर्चेला विषयाची वाण नसणार.

नवशिक्याची फसगत इथेच होते. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो, त्याला स्लाइस म्हणतात. तो बिचारा उपाय म्हणून आणखी डावीकडे रोख धरून उभा राहतो. क्लबची वाट आणखी डावीकडे जाते, तोंड मात्र सवयीनं झाडाकडेच राहतं. दोन्हींतला फरक वाढतो आणि चेंडू पूर्वीपेक्षा जास्त वळतो. त्यात ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं असल्यानं मागची फिरकी कमी पडते, आणि तेवढ्याच फरकानं आस जास्त कलतो. लहान पल्ल्याच्या वेजनं हीच चूक केली तर ती बरीचशी झाकली जाते.

ड्रायव्हरचं तोंड नीट न्याहाळलं तर ते सपाट नसतं, आडवं किंचित फुगीर असतं. चेंडू टोकाकडे लागला, की क्लबचं डोकं झटक्यानं बाहेर वळतं आणि चेंडूला उलट बाजूची फिरकी देतं. तोंडाच्या फुगीरपणामुळे चेंडू आधी बाहेर निघतो आणि मग त्या फिरकीनं मध्याकडे परततो. चुकीची भरपाई क्लबच्या आकारातच करून ठेवलीय, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळले. त्या दर्जाचे अनेक खेळाडू तीरासारख्या सरळ फटक्याचा हट्ट धरत नाहीत. एक वळण पक्कं करतात आणि त्यावरच भरवसा ठेवतात, कारण चेंडू कुठल्या बाजूला चुकेल हे माहीत असलं की अर्धं मैदान काळजीतून सुटतं. टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, कुठे रोवायची, याचीही मुभा असते: दोन खुणांच्या मधे कुठेही, आणि मागे दोन क्लबांच्या लांबीपर्यंत. उजवीकडे वळणारा चेंडू असेल तर टी उजव्या खुणेजवळ रोवावी आणि नेम डाव्या कडेवर धरावा. मग वळायला जवळजवळ अख्खी रुंदी मिळते.