चेहरा बघून खात्री केली, तरीही

२०१७च्या अखेरीस डीपफेकचं, म्हणजे संगणकानं बनवलेल्या हुबेहूब नकली चेहऱ्या-आवाजाचं, नाव कानावर आलं, तेव्हा बोलबाला होता तो अभिनेत्रींच्या बनावट अश्लील चित्रफितींचा. पैशांच्या व्यवहारात हे तंत्र शिरलं ते आवाजाच्या वाटेनं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाला जर्मनीतल्या वरिष्ठांचा फोन आला. बोलण्यातली जर्मन लकबही ओळखीची. त्यानं २ लाख २० हजार युरो हंगेरीतल्या खात्यावर पाठवून दिले. आवाज बनावट होता.

मला जास्त अस्वस्थ करतं ते जुलै २०२३ मधलं कोझिकोडचं प्रकरण. रक्कम फक्त ४० हजार रुपये. एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याच्या नावानं व्हॉट्सॲपवर मेसेज आले, फोटो आले, ओळखीच्या लोकांची विचारपूस झाली आणि मग नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी पैसे मागितले गेले. त्यांनी डोळे झाकून पैसे दिले नाहीत. आधी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरला. काही सेकंद मित्राचा चेहरा दिसला, तो बोललाही, आणि शंका फिटली. पुन्हा ३५ हजार मागितले तेव्हा त्यांनी मित्राच्या मूळ नंबरवर फोन लावला आणि फसवणूक उघड झाली. पैसे महाराष्ट्रातल्या एका बँक खात्यात गेले होते. तक्रार वेळेत झाली म्हणून ते अडवता आले.

हाँगकाँगमध्ये २०२४च्या सुरुवातीला हेच घडलं, फक्त अवाढव्य प्रमाणावर. अरुप या अभियांत्रिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराचा मेसेज आला, तेव्हा त्यालाही संशय आलाच होता. व्हिडिओ मीटिंगमध्ये वित्तप्रमुख आणि सहकारी समोर दिसले आणि तो मावळला. त्याच्याखेरीज मीटिंगमधलं कुणीच खरं नव्हतं. १५ व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. या माणसांना भोळं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनी खातरजमा केली होती. चोरांनी नेमकी तीच जागा हेरली.

जुलै २०२४ मध्ये फेरारीच्या अधिकाऱ्यानं वेगळी वाट धरली. फोनवर मुख्याधिकारी बेनेदेत्तो विन्या यांचा हुबेहूब आवाज होता. 'तुम्ही परवा मला कुठलं पुस्तक सुचवलं होतं?' या अर्थाचा प्रश्न त्यानं टाकला आणि फोन कट झाला.

जाहिरातीला मात्र असा उलट प्रश्न विचारता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या तोंडी गेमिंग ॲपची शिफारस घातली गेली. एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअरच्या टिप देताना दिसू लागले. अखेर आपल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला शेअर सुचवण्याची मुभाच नाही, असं बाजाराला जाहीर करावं लागलं.