सह्याद्रीची आरोहण-पुस्तिका कशी रचावी?

काठिण्यश्रेणीनुसार नव्हे, वाटेनुसार. आरोहक गाडीतून उतरतो तो पायथ्याच्या गावात, म्हणून प्रकरणेही तशीच हवीत: आधी घाट किंवा डोंगररांग, मग गाव, मग कातळ. तैलबैलाच्या दोन भिंती आणि मधली खिंड एकाच प्रकरणात याव्यात. प्रत्येक भिंतीवरचे मार्ग, पायथ्याशी उभे राहून वर पाहताना दिसतात तसे, डावीकडून उजवीकडे क्रमाने द्यावेत आणि तेच आकडे छायाचित्रावरच्या रेषांना द्यावेत. सोप्यापासून कठीणपर्यंतची यादी जरूर असावी, पण शेवटच्या पानांत, सूचीसारखी.

नावांची सूची तितकीच महत्त्वाची. जीवधनशेजारचा सुळका कुणी वानरलिंगी म्हणून शोधेल, कुणी खडा पारशी म्हणून. नागफणी आणि ड्यूक्स नोज यांचेही तेच. दोन्ही नावे एकाच पानाकडे नेणारी हवीत.

इथला कातळ बेसॉल्टचा, थराथरांचा. दोन थरांमध्ये ठिसूळ पट्टा किंवा घसारा लागतो, तो रेखाचित्रात दाखवलाच पाहिजे. मार्गातले बोल्ट कोणत्या वर्षी ठोकले हेही छापावे, कारण पावसाळ्यागणिक ते गंजतात. भिंतीवर ऊन केव्हा येते, उतरायचे कुठून, दोर किती लांब लागतो, पाणी आणि जवळचे रुग्णालय कुठे, ही माहिती मार्गवर्णनाच्या आधी यावी. आणि आग्या मोहोळांच्या जागा ठळक अक्षरांत: दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.