तोंडाला स्कार्फ, मग डोळ्यांना काय?

सोलापूरचं ऊन म्हणजे काय, हे इथल्या बाईला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यात वारा सुटला की रस्त्यावर धुरळाच धुरळा. स्कूटी काढायची म्हटलं की आपण किती तयारी करतो! अंगात सनकोट, हातात मोजे, तोंडाला स्कार्फ. उघडे राहतात ते फक्त डोळे. ज्यांच्या भरवशावर गाडी चालवायची, तेच वाऱ्यावर सोडलेले!

आमच्या बचत गटातल्या एक ताई शिवणकाम करतात. विजापूर रस्त्याने घरी येताना पुढच्या वाळूच्या ट्रकमधून कण उडाला आणि डोळ्यात गेला. त्यांनी गाडी थांबवली, पदराने डोळा चोळला. झालं! बुबुळाला ओरखडा पडला. आठ दिवस औषध, सुईत दोरा ओवता येईना, मशीन बंद. ऐन लग्नसराईतली कमाई गेली ती वेगळीच. तरी त्या म्हणतात, "वहिनी, गाडी आवरली हेच नशीब."

खरंच आहे ते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. चिलट डोळ्यात गेलं आणि दोन सेकंद डोळे मिटले, तर २२ मीटर आपण आंधळ्यासारखं चालवलं! शिवाय वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ लागून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढू शकतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे मोतीबिंदूचाही धोका वाढतो.

मग गॉगल घ्यावा, पण कोणता? मीही एकदा रस्त्यावरून शंभर रुपयांचा काळाभोर गॉगल घेतला होता. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा डोळे उघडले. काच काळी असली म्हणजे किरण अडतातच असं नाही. उलट काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण अडले नाहीत तर ते जास्तच आत जातात. म्हणून मैत्रिणींनो, घेताना एवढं बघा :

• 'यूव्ही ४००' लिहिलेलं असावं. नुसत्या स्टिकरवर विसंबू नका. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत किरण मोजायचं यंत्र असतं, त्यावर तपासून मागा.

• काच पॉलिकार्बोनेटची घ्या. हेल्मेटची पुढची काचही बहुधा याचीच असते. हलकी असते, सहसा फुटत नाही. साधी काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जायचे.

• फ्रेम कडेने वळलेली, चेहऱ्याला बसणारी असावी. काड्या फार रुंद नकोत, बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही.

• दिवसा करडा किंवा तपकिरी रंग बरा, सिग्नलचे रंग नीट ओळखू येतात. दिवेलागणीनंतर मात्र स्वच्छ पांढरी काचच. पिवळ्या काचेने रात्री जास्त दिसतं, हा गैरसमज आहे.

• दुकानातच स्कार्फ बांधून, हेल्मेट घालून बघा. काड्या रुतल्या तर दोन दिवसांत गॉगल कपाटात जाईल.

नंबर असेल तर नंबरचाच गॉगल करून घ्या. पुसताना पदर नको. धुळीचे कण घासून काचेवर ओरखडे पडतात. आधी पाण्याने धुवा, मग मऊ सुती कापडाने टिपा.

गॉगल घेतला म्हणून हेल्मेट सुटत नाही हं! आयएसआय खुणेचं हेल्मेट हवंच, मागे बसणारीलाही. आणि स्कूटीवर पुढे उभं केलेलं पोर? सगळा वारा आणि धूळ आधी त्याच्या डोळ्यांत जाते. त्याला पुढे उभं करूच नका.

एवढं करूनही काही गेलंच, तर गाडी बाजूला घ्या. चोळू नका, स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. खुपणं थांबलं नाही किंवा अंधुक दिसलं, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून मनाने थेंब आणून घालू नका.

त्या ताईंनी आता घरात एक पद्धत पाडली आहे. गाडीची किल्ली आणि गॉगल एकाच खुंटीला. एक घेतलं की दुसरं हातात येतंच. आपणही आजच तशी एक खुंटी ठोकूया ना?