शुक्रवारची गाडी, जमिनीवरची गादी

जर्मनीत शिकणाऱ्या मुलामुलींचे शनिवार-रविवारचे फोटो घरच्या ग्रुपवर पडले, की एक प्रश्न ठरलेला: "शिकायला गेलायस की हिंडायला?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. डोक्यावर शैक्षणिक कर्ज, एक युरो शंभर रुपयांच्या घरात, आणि चिरंजीव बर्लिनला मित्राकडे! घरी हिशोब मांडणारा माणूस आधी गाडीभाडं धरतो, मग हॉटेल, मग खाणंपिणं. आणि बेरीज पाहून कपाळाला हात लावतो.

प्रत्यक्षात या सहलीत हॉटेल नसतं, गाडीभाडं बहुतेक वेळा आधीच भरलेलं असतं आणि जेवण मित्राच्या ओट्यावर शिजतं. खरा खर्च भलतीकडेच असतो. तो कुठे असतो आणि ही सहल इतकी स्वस्त झाली कशी, याचा माग काढू लागलं की रेल्वेची तिकिटं, जर्मन राज्यघटना आणि बर्लिनची भिंत एकाच वाटेवर भेटतात.

2024-25 च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत 59 हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा पहिला क्रमांक लागतो. चिनी विद्यार्थी दुसरे. आपली मराठी मुलं आखन, म्युनिक, ड्रेस्डेन, केमनिट्स, माग्डेबुर्ग, कॉटबुस अशी विखुरलेली. पुण्याला किंवा नाशिकला एका बाकावर बसलेल्या चौघांना चार गावांत प्रवेश मिळतो. शुक्रवारच्या गाडीची गरज तिथून सुरू होते.

तिकीट: पंधरा मार्कांपासून आजपर्यंत

माग्डेबुर्गचं उदाहरण घेऊ. दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली, तर दोन्हीकडून घोडे जुंपूनही ते सुटत नाहीत, हा शाळेत शिकलेला प्रयोग याच गावाच्या नावाने ओळखला जातो. तो करणाऱ्या ऑटो फॉन गेरिकेचं नाव इथल्या विद्यापीठाला आहे, आणि तिथे भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत. माग्डेबुर्गहून बर्लिनला 'आरई 1' ही प्रादेशिक गाडी जाते. बुर्ग, गेंटीन, ब्रांडेनबुर्ग, वेर्डर, पोट्सडाम अशी स्टेशनं घेत ती दोन तासांच्या आत बर्लिनच्या मुख्य स्थानकात पोचते. शुक्रवारी संध्याकाळी तिच्यात पाठीवर सॅक घेतलेली विशीतली मुलंमुली आणि सायकली यांची दाटी असते.

या गाडीत चालणारं 'डॉइचलांडटिकेट' 1 मे 2023 रोजी सुरू झालं. त्याआधीच्या वर्षी, इंधन महागल्यामुळे, जून ते ऑगस्ट असे तीन महिने अवघ्या 9 युरोंत महिनाभर देशभर फिरता येईल अशी सवलत सरकारने दिली होती. गाड्या ओसंडून वाहिल्या, आणि लोकांना एकच साधं तिकीट हवं आहे हे सिद्ध झालं. नवं तिकीट 49 युरोंना आलं, 2025 च्या जानेवारीत 58 युरो झालं आणि 2026 पासून 63 युरो. देशातल्या प्रादेशिक गाड्या, उपनगरी गाड्या, भुयारी रेल्वे, ट्राम आणि शहरबस या सगळ्यांत ते चालतं. आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र चालत नाही.

विद्यार्थ्यांसाठी 2024 च्या उन्हाळी सत्रापासून याच तिकिटाची सत्रभराची आवृत्ती निघाली. ज्या विद्यापीठांच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी वाहतूक संस्थांशी तसा करार केला आहे, तिथे ते मूळ दराच्या 60 टक्क्यांना मिळतं. 63 युरोंच्या हिशोबाने महिना 37 युरो 80 सेंट. अट एवढीच, की ते सगळ्यांनी घ्यायचं. प्रवास करणारा आणि खोलीतून न हलणारा दोघेही सत्रशुल्कातच पैसे भरतात, म्हणून दर खाली राहतो. तिकीट असं आधीच खिशात आलं, की बर्लिनला जाण्यासाठी वेगळा एक सेंटही लागत नाही. न गेलेल्याचेच पैसे वाया जातात.

या व्यवस्थेला पूर्वज आहेत. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या पन्नाशीनिमित्त 'इंटररेल' पास निघाला. 21 वर्षांपर्यंतच्या मुलांना 21 देशांत महिनाभर फिरण्याची ती मुभा होती. 1995 मध्ये जर्मन रेल्वेने शनिवार-रविवारसाठी खास तिकीट काढलं: 15 मार्क (युरोआधीचं जर्मन चलन), माणसं पाचपर्यंत, प्रवास प्रादेशिक गाड्यांतून हवा तेवढा. पाच जणांची मोट बांधायची म्हणून विद्यार्थी फलाटावर अनोळखी माणसांनाही सामील करून घेत. पुढे दर वाढत गेले, मुदत एका दिवसावर आली आणि 2019 मध्ये ते तिकीट बंद झालं. तोवर बस आली होती. रेल्वेच्या रक्षणासाठी लांब पल्ल्याच्या बसवर घातलेले जुने निर्बंध 1 जानेवारी 2013 रोजी उठले, आणि लगोलग फ्लिक्सबससारख्या कंपन्या रस्त्यावर उतरल्या. बर्लिनला मात्र जर्मनीच्या फाळणीच्या काळापासूनच त्या निर्बंधांतून सूट होती.

स्वस्ताईची किंमत वेळात मोजावी लागते. आखनहून प्रादेशिक गाड्यांनी बर्लिन गाठायचं तर गाड्या बदलत अख्खा दिवस जातो. एक गाडी उशिरा आली की पुढची हुकते. रूळदुरुस्तीची कामं बऱ्याचदा शनिवार-रविवारीच निघतात, मग मधल्या टप्प्यात बसमध्ये बसवतात. वैध तिकीट नसेल तर 60 युरो दंड होतो.

सहलीचा खरा खर्च

व्हिसासाठी विद्यार्थ्याला बंद खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. त्यातून दरमहा 992 युरो हातात येतात. खोलीचं भाडं आणि आरोग्यविमा गेला की उरलेल्यात महिना ढकलायचा. म्हणून बहुतेक मुलं काम धरतात: गोदामात, हॉटेलच्या मुदपाकखान्यात, सायकलवरून जेवण पोचवण्याचं. मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. तासिका आणि प्रयोगशाळा सोमवार ते शुक्रवार, त्यामुळे कामाच्या पाळ्या येतात नेमक्या शनिवारी.

घरच्या हिशोबात न येणारा आकडा या बुडालेल्या पाळीचा. 2026 मध्ये किमान वेतन तासाला 13 युरो 90 सेंट आहे. आठ तासांची पाळी सोडली की कर कापण्याआधीचे 111 युरो गेले, म्हणजे तीन महिन्यांच्या विद्यार्थी तिकिटाला थोडेच कमी. म्हणून ही सहल सहसा ठरत नाही. ठरली तरी महिनाभर आधी, पाळ्यांची अदलाबदल करून, परीक्षेची तारीख पाहून ठरते. फोटोत जी मजा दिसते तिच्यामागे इतका काटेकोर हिशोब असतो, की तो आईवडिलांनी पाहिला तर त्यांना मुलाचं कौतुकच वाटेल.

फ्रीडरिशस्ट्रासेचं स्टेशन

'आरई 1' मुख्य स्थानकानंतर फ्रीडरिशस्ट्रासेला थांबते. आज उतरणारा विद्यार्थी मोबाईलवर मित्राचा पत्ता बघत जिना उतरतो आणि ट्रामला लागतो. शेजारी काचेच्या भिंतींची एक बसकी इमारत आहे. शहर पूर्व-पश्चिम असं विभागलेलं असताना, 1962 मध्ये ती पूर्व जर्मन सरकारने बांधली, पश्चिमेकडे परतणाऱ्यांची तपासणी करायला. पाहुण्यांना निरोप देताना लोक इथे रडत, म्हणून तिचं नाव पडलं 'अश्रूंचा महाल'. आता तिथे संग्रहालय आहे.

मित्राला भेटायला जाणं या शहरात किती अवघड होतं ते इथे कळतं. पश्चिमेकडून पूर्व बर्लिनला एका दिवसासाठी जायचं तर 1980 पासून माणशी 25 पश्चिमी मार्क सक्तीने बदलून घ्यावे लागत. बदल्यात मिळणारे पूर्वेचे मार्क परत नेता येत नसत आणि मध्यरात्रीपर्यंत माघारी यावं लागे. पूर्वेकडच्या तरुणाला उलट दिशेने यायची परवानगी मिळणं तर जवळपास अशक्यच.

त्याही आधीची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावी अशी आहे. 13 ऑगस्ट 1961 ला भिंत उभी राहू लागली तेव्हा पश्चिम बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात डोमेनिको सेस्ता आणि लुइजी स्पिना हे दोन इटालियन विद्यार्थी शिकत होते. त्यांचा एक मित्र बायको आणि लहान मुलीसह पूर्वेकडे अडकला. दोघांनी आणखी विद्यार्थी गोळा केले आणि बेर्नाउअर स्ट्रासेवरच्या एका कारखान्याच्या तळघरातून खोदायला सुरुवात केली. भुयारात पाणी शिरलं, पैसे संपले. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने चित्रीकरणाच्या बदल्यात पैसे दिले. काही महिन्यांनी शंभर मीटरहून लांब भुयार तयार झालं आणि 14 व 15 सप्टेंबर 1962 रोजी त्यातून 29 माणसं पश्चिमेला आली. तो मित्र आणि त्याचं कुटुंब त्यांत होतं. आज बेर्नाउअर स्ट्रासेवर भिंतीचं स्मारक आहे, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर माउअरपार्कचा रविवारचा जुना बाजार. पाहुण्या विद्यार्थ्यांची फेरी एका दिवसात दोन्हीकडे होते.

रविवारी दुकान बंद

बर्लिनला पहिल्यांदा आलेला पाहुणा रविवारी सकाळी दूध आणायला निघतो आणि हात हलवत परत येतो. जर्मन राज्यघटनेच्या 140 व्या कलमाने 1919 च्या वायमार घटनेतली काही कलमं जशीच्या तशी उचलली आहेत. त्यांतलं एक रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने राखतं. बर्लिनच्या राज्य सरकारने नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी देणारा कायदा केला, तेव्हा चर्चने दाद मागितली आणि 1 डिसेंबर 2009 रोजी घटना न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं मात्र उघडी असतात आणि त्यांच्यासमोर रांगा लागतात.

मुंबई-पुण्याहून गेलेल्या मुलांना ही सक्ती आधी जाचते. पण दुकान बंद, काम बंद, शेजाऱ्यांच्या शांततेसाठी भिंतीत खिळा ठोकणंही बंद, अशा दिवशी माणसाकडे गप्पा मारण्यावाचून उद्योग उरत नाही. टेम्पलहोफचा जुना विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि 2010 पासून लोकांना मैदान म्हणून खुला आहे. तिथे इमारती उभारायचा बेत 2014 च्या सार्वमतात बर्लिनकरांनी हाणून पाडला. त्या धावपट्टीवर रविवारी पतंग, सायकली, पोरंटोरं आणि डबे घेऊन बसलेली आपली मुलंही दिसतात. यातलं काहीही करायला पैसे लागत नाहीत.

ओटा, फोडणी आणि गादी

मुक्काम मित्राच्या खोलीत. विद्यार्थी वसतिगृहाची खोली म्हणजे पलंग, टेबल, कपाट आणि नशीब असेल तर कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा. पाहुण्याची गादी जमिनीवर पडली की दार अर्धंच उघडतं. शनिवारी दुपारी खरेदी उरकायची. तुर्की दुकानात कोथिंबीर, पुदिना, वांगी मिळतात. डाळी, पोहे आणि हिंग भारतीय दुकानात. पाहुणा येताना सुटकेसच्या तळाला जपून ठेवलेला गोडा मसाला किंवा आईने दिलेली भाजणी घेऊन येतो. अशा ओट्यावर फोडणी करणं ही कला आहे. बर्लिनमध्ये झोपायच्या खोलीत धूरसूचक यंत्र सक्तीचं आहे आणि मोहरी-मिरचीचा धूर त्याला आग वाटतो. म्हणून एक जण कढई सांभाळतो, दुसरा खिडकी सताड उघडून टॉवेलने वारा घालतो, बाहेर बर्फ पडत असला तरी.

दिवाळी तर मुद्दाम याच पद्धतीने साजरी होते. हिवाळी सत्राच्या तासिका ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि दिवाळी बहुधा त्यानंतरच येते. लक्ष्मीपूजनाला सुट्टी नाही. मग जवळचा शनिवार गाठून चार गावांतली मुलं एका खोलीत जमतात. भाऊबीज व्हिडिओ कॉलवर होते आणि फराळ त्या खोलीत. ज्याच्या घरून डबा आला त्याचा मान मोठा.

डालेमची पाटी

बर्लिनला जाणाऱ्या मराठी मुलांनी भुयारी रेल्वेच्या 'यू 3' मार्गाने डालेमला एकदा जावं. ईनेस्ट्रासे 22 या इमारतीत 1927 मध्ये कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. कवट्यांच्या मोजमापांवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व त्या मोजमापांतून निघत नाही, असा गुरूंच्या मताविरुद्धचा निष्कर्ष मांडला. पुढे ही संस्था नाझी वंशवादाच्या सेवेला जुंपली गेली. आउशवित्झमध्ये कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंगेलेचा तिच्याशी संबंध होता. 2014 मध्ये आसपासच्या आवारात खोदकाम करताना मानवी हाडं सापडली आणि 2023 मध्ये त्यांचं दफन झालं. इमारत आज फ्री विद्यापीठाकडे आहे. हा इतिहास सांगणारी पाटी भिंतीवर आहे. इरावतीबाई गेल्या तेव्हा जहाजाने काही आठवडे लागत आणि मायदेशाची ख्यालीखुशाली पत्राने कळे. आजच्या मुलांना फोन आहे, तरी परक्या देशातलं एकटेपण फोनने पूर्ण जात नाही. ते घालवायला समोर माणूस लागतो.

म्हणून घरच्यांना एक सांगणं. मुलगा किंवा मुलगी सत्रात दोन-तीनदा मित्रमैत्रिणींकडे जात असेल, तर त्याला उधळपट्टी म्हणू नका. तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा तुम्ही सत्रशुल्कात भरलेलेच असतात. निघताना पासपोर्ट आणि निवासाचं कार्ड बरोबर घेतलंय का, एवढं विचारा. विशेषतः पोलंडच्या बाजूला जाणार असतील तर, कारण अलीकडे त्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू झाली आहे. महिनोन्महिने कुणाकडेच न जाणाऱ्या आणि "सगळं ठीक आहे" एवढंच सांगणाऱ्या मुलाला मात्र तुम्ही स्वतःहून म्हणा: या शुक्रवारी बर्लिनची गाडी पकड.