दाबून फिरवायचे झाकण

न्यू जर्सीतील ज्या औषधालयात माझी गेली अकरा वर्षे गोळ्या मोजण्यात गेली, तेथे माझ्या हातून सर्वांत अधिक वेळा घडणारी क्रिया म्हणजे नारिंगी कुपीवर पांढरे झाकण दाबून वळविणे. कुपीच्या काठावरील खुंट्या झाकणाच्या खाचांत अडकतात आणि आतली लवचिक चकती झाकणाला सतत वर रेटून धरते. त्यामुळे दाब आणि पीळ एकाच क्षणी दिल्याखेरीज ते सुटत नाही, आणि हे दुहेरी कसब चार वर्षांच्या मुलास सहसा साधत नाही, यावरच १९७०च्या अमेरिकी विषबाधा-प्रतिबंधक वेष्टन कायद्याची सारी भिस्त आहे.

'सहसा' हा शब्द मी जाणूनबुजून योजला. ४२ ते ५१ महिने वयाच्या मुलांना जोडीजोडीने बसवून बंद कुप्या द्याव्या, पाच मिनिटे वाट पाहावी, न उघडल्यास एकदा मुकाट्याने उघडून दाखवावे, दात लावण्याचीही मुभा द्यावी, आणि आणखी पाच मिनिटे थांबावे. उघडून दाखविण्यापूर्वी शंभरांत ८५ आणि अखेरीस ८० मुले हरली की झाकण उत्तीर्ण, अशी परीक्षेची तरतूद आहे. म्हणजे उरलेल्या विसांचा विजय कायद्याने आधीच हिशेबात धरला आहे! मोठ्यांचीही परीक्षा होते. परंतु १९९५च्या दुरुस्तीपूर्वी तिला १८ ते ४५ वयाची माणसे बसवीत, जणू औषधे लागतात ती तरण्याताठ्यांनाच. ५० ते ७० वयाचे हात तेथे आले ते त्या दुरुस्तीनंतर.

परवा संधिवाताने बोटे वाकडी झालेले एक वृद्ध महाराष्ट्रीय गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या न्यावयास आले. "आधी दाबायचं, मग फिरवायचं, हे कळतं हो, पण अंगठा ऐकत नाही," ते म्हणाले. रुग्णाने मागितल्यास साधे झाकण देण्याची सवलत कायद्यातच असल्याने मी त्यांच्या नावापुढे तशी नोंद केली आणि तेच झाकण उलटे करून बसविले. त्या बाजूस निव्वळ मळसूत्र असते. घरी लहान कोणी आहे का, असे विचारता नातू शनिवार-रविवारी येतो असे कळले.

"मग आजोबा, कुपी वरच्या फडताळात ठेवा."

त्यांनी झाकण एकदा उघडून, लावून पाहिले.

"अहो, तिथवर हात गेला असता, तर हे झाकण उलटं करून मागितलं असतं का?"